माझ्या पानावरची अठ्ठावन्न मतं

निकालाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भय्यासाहेब आमचं फाटक उघडून आत आले, तेव्हाच मी ओळखलं की आज हा माणूस पाया पडणार नाही. निवडणुकीच्या आधी सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा कमरेतून वाकले होते, गुडघे दुखत असताना. आज तडक खुर्चीवर बसले आणि बगलेतली फाईल मांडीवर ठेवली.

"सूनबाई निवडून आल्या ना?" मी म्हटलं. "मग तोंड असं एरंडेल प्याल्यासारखं का?"

"वॉर्ड जिंकलो, काकू. आपला बूथ हरलो."

"मग? वॉर्ड मोठा की बूथ?"

"लोकांना वॉर्ड दिसतो. पार्टीला बूथ दिसतो." त्यांनी फाईल उघडली. "आणि बूथमध्ये मला तुमचं पान दिसतंय."

आमचा वॉर्ड या वेळी बायकांसाठी राखीव झाला. भय्यासाहेब वीस वर्षं तिकिटासाठी झुरले, आणि तिकीट मिळायची वेळ आली तेव्हा ते बाई नव्हते. मग त्यांनी सुनेला उभं केलं. श्रुती मुलगी वाईट नाही. पण सबंध प्रचारात तिचा आवाज कोणी ऐकला असेल तर शपथ. उघड्या जीपमध्ये ती हात जोडून उभी, आणि माईक सासऱ्याच्या हातात. तिच्यासमोर होत्या अहल्या सिस्टर, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. कुठल्या पार्टीच्या नाहीत, निशाणी छत्री, प्रचार पायी.

उज्जैनच्या माधव नगरात, आमच्या भागात, चोवीस मराठी घरं आहेत. कोणी रेल्वेमुळे आले, कोणी शाळेत मास्तर म्हणून. आमचे हे बँकेत होते, बदली होऊन आले आणि इथेच राहिले. भय्यासाहेबांचं घराणं मात्र जुनं, संस्थानी दरबाराच्या काळातलं. आम्हाला येऊन चाळीस वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी आम्ही 'नोकरीवाले'. फक्त निवडणूक आली की आम्ही 'आपले लोक' होतो.

तीस वर्षं हेच चाललं आहे. पार्टी कुठलीही असो, उमेदवार आधी माझ्या गॅलरीत येऊन चहा पितो. कारण मी आकडा देते. "आमची साठ मतं पक्की," असं मी म्हणते आणि तो खुशीत जातो. हा आकडा मी आणते माझ्या हळदीकुंकवातून. दर जानेवारीत चोवीस घरांतल्या बायका येतात, वाण घेतात, खाली बसून तिळाची वडी खातात. बाई आली म्हणजे घर आलं, आणि घर आलं म्हणजे मतं आली, हा माझा हिशेब. तो कोणी तपासला नाही, कारण जिंकणारा नेहमी एवढ्या मतांनी जिंकायचा की आमच्या साठांवाचून कोणाचं अडायचं नाही.

या वेळी पार्टीनं नवीन टूम काढली. मतदारयादीचं एकेक पान एकेका माणसाच्या हातात. पुढे तीस नावं, मागे तीस. पान ज्याच्याकडे, त्याला म्हणायचं पन्ना प्रमुख. प्रत्येक नावापुढे खूण करायची की मत पक्कं, कच्चं की विरोधी.

मी तिसरीपर्यंत शिकले. वाचते सगळं, पण पेन धरलं की हात अवघडतो. म्हणून मी देवघरातलं तबक घेतलं. पक्क्याला कुंकू, कच्च्याला हळद, विरोध्याला काजळ. हे गेल्यापासून माझ्या बोटाला कुंकू लागलं नव्हतं. हळदीकुंकवालाही सून नंदा लावते, मी खुर्चीत बसून बघते. पानाला मात्र चालत होतं. साठ नावांत दोन मेलेली. एक समोरच्या घरातली म्हातारी, आणि दुसरे आमचे हे, शरच्चंद्र. जाऊन चार वर्षं झाली, पण यादीत दरवर्षी एक वर्षानं मोठे होतात. ती दोन सोडून मी अठ्ठावन्न नावांना कुंकू लावलं.

"आई, एकालाही हळद नाही?" नंदानं विचारलं होतं.

"माझ्या पानावर कच्चं कोणी नाही."

ती तशीच आत गेली. तेव्हाच तिला हाक मारून विचारायला हवं होतं. मी तबक धुवायला टाकलं.

"हे बघा," भय्यासाहेब आता सांगत होते. "मोजणीला आपला माणूस बसतो. मशीन उघडलं की बूथचा आकडा लिहून घेतो. सगळी पानं मिळून मतदानाला गेलेली माझी पक्की मतं होती अडीचशे. मिळाली दोनशे तीन. सत्तेचाळीस गायब. बाकीच्या पोरांनी कच्च्याला कच्चं लिहिलं होतं, ते मी धरलंच नव्हतं. एकच पान असं आहे की ज्यात सगळंच लाल."

"माझ्या पानावरचे एक्कावन्न गेले होते मतदानाला," मी म्हटलं. खिडकीत बसून मी स्वतः मोजले होते. बाकीचे कोणी परगावी, कोणी ड्यूटीवर. माझा मुलगा सुहासच पाटबंधाऱ्याच्या नोकरीमुळे दुसऱ्या बूथवर ड्यूटीला होता.

"एक्कावन्नातून सत्तेचाळीस गेले, तर राहिले किती?"

वजाबाकी मला येते.

"चार," ते म्हणाले. "तीस वर्षांत तुमच्या शब्दावर मी कधी शंका घेतली नाही, काकू. आणि शब्दाखाली मतं चार."

मग त्यांनी फाईलमधून टाईप केलेला एक कागद काढला. आमच्या मराठी मंडळाची बालवाडी आहे, मंडळाच्याच हॉलमध्ये. तिथे पल्लवी शिकवते, सहा वर्षांपासून. कागदात लिहिलं होतं की पल्लवीबाईंनी मंडळाच्या हिताविरुद्ध काम केलं, म्हणून त्यांना या महिन्यापासून कमी करण्यात येत आहे. बालवाडीच्या कमिटीवर तीन जण. अध्यक्ष भय्यासाहेब, श्रीनाथ मास्तर आणि मी. दोन सह्या झाल्या होत्या.

"हिनं काय केलं?"

"प्रचार चालू असताना ही दोनदा अहल्या सिस्टरच्या ओट्यावर चहा पीत बसली होती. लोकांनी बघितलं. तुमचं पान हिनंच फोडलं. तुमची पण बेइज्जती हिच्यामुळेच झाली, काकू. मी तर तुमचं नाव साफ करतोय." ते उठले. "रविवारी अकराला मीटिंग आहे. तिथेच सही करा, म्हणजे रीतसर होईल."

जाताना त्यांनी फाटक लावलं नाही.

पल्लवीचा नवरा तुषार दोन वर्षं अंथरुणावर आहे. डावं अंग गेलं. त्यांचं घर मंडळाच्या हॉलच्या मागच्या भिंतीला लागून. पोरांना खाऊच्या सुट्टीत रांगेत बसवून ती मधल्या दारानं घरी पळते, त्याची कूस बदलते, पाणी पाजते आणि परत येते. अशी नोकरी तिला सबंध उज्जैनात दुसरी मिळायची नाही. नानाखेड्याला एका शाळेत जागा होती, पगार जास्त होता, पण तिथून दर दोन तासांनी घरी कोण येणार? हे भय्यासाहेबांना माहीत होतं. श्रीनाथ मास्तरांना माहीत होतं. त्यांनी सही केली होती.

आणि मला काय वाटलं ते खरं सांगते. पहिल्यांदा मला पल्लवीचा राग आला. माझ्यासमोर "काकू, तुम्ही सांगाल तसं" म्हणणारी ती बया. सत्तेचाळीस गेले हे मनात घ्यायला जड जात होतं. एकावर ढकलायला सोपं होतं.

दुपारी सायलीचा फोन आला, व्हिडिओवाला. सायली माझी नात, नंदाची मुलगी, अमेरिकेत असते. तिचं गाव उज्जैनएवढंच आहे म्हणते, मधून नदी जाते. तिथे ती निवडणुकीच्या सर्व्हेच्या ऑफिसात नोकरी करते. लोकांना फोन करून विचारायचं, मत कोणाला देणार.

"आणि लोक सांगतात?" मी विचारलं.

"सांगतात की. काही खोटंही सांगतात."

"मग तुला पगार कशाचा देतात?"

"आधी अंदाज सांगायचा, आणि मग तो का चुकला ते सांगायचं." ती हसली. तिकडे मध्यरात्र उलटली होती, डोळे सुजलेले दिसत होते पोरीचे. "इथे नकाशा काढतात आजी, गल्लीगल्लीचा. नदीच्या अलीकडचे एका पार्टीचे, पलीकडचे दुसरीचे. युनिव्हर्सिटीजवळचे असे, नव्या कॉलन्यांमधले तसे. घरापुढे पाट्याही लावतात, आम्ही यांचे म्हणून."

"मग सोपं आहे. पाट्या मोजायच्या."

"मी तेच केलं पहिल्या वर्षी. सपशेल आपटले. पाटी नवऱ्यानं लावलेली असते आजी, आणि आत बायको दुसरंच काहीतरी ठरवून बसलेली असते. एका घराचं एक मत नसतं."

"तुमच्याकडे नसेल."

"बरं," सायली म्हणाली. तिच्या आईसारखंच म्हणाली.

मी तिला विचारलं, माझ्या पानावरची सत्तेचाळीस कोण, ते शोधता येईल का. तुझ्या त्या कॉम्प्युटरवर.

"नाही येणार. कोण गेलं ते कळतं, कोणाला दिलं ते देवालाही कळत नाही. आता तू दारोदार जाऊन विचारलंस तर सगळे म्हणतील जिंकलेल्यालाच दिलं. त्याचा काही उपयोग नाही. झोप तू जरा, दमलेली दिसतेस."

ती मला झोप म्हणत होती!

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. नंदा लसूण सोलत बसली होती. मी पाटावर बसले, आणि तिच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर सुनेला पहिल्यांदा विचारलं, "तू कोणाला दिलंस?"

"छत्रीला." तिनं मान वर केली नाही.

"माझं पान तुझ्यापासूनच फाटलं म्हणजे."

"आई, बाबांना साडेचार महिने इंजेक्शन कोणी दिलं?"

मी समोरची सालं गोळा करायला लागले.

"पहाटे साडेपाचला कोण यायचं? पौष महिन्यात, कानाला मफलर गुंडाळून? ड्यूटीवर जायच्या आधी? शेवटच्या आठवड्यात बाबांच्या पाठीच्या जखमा कोणी साफ केल्या? मला उलटी आली होती, आई. तुम्हाला बघवत नव्हतं. त्या बाईनं केलं." लसणाचं साल तिच्या नखात अडकलं होतं, ते ती काढत राहिली. "आणि भय्यासाहेब किती वेळा आले?"

"एकदा."

"हार घेऊन."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही कुंकू लावलंत." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. पण सिस्टरनं काही केलं नाही असं एक घर दाखवा या चोवीसांत. कोणाचं बाळंतपण, कोणाची साखर. तुमच्यासमोर बायका माना हलवतात. तुम्ही आत गेलात की वेगळं बोलतात."

"काय बोलतात?"

"जाऊ द्या ना आई."

मी जाऊ दिलं. तुम्ही कोणाला दिलंत, असं तिनं मला उलट विचारलं नाही एवढीच मेहेरबानी. कारण मी स्वतः मत दिलं होतं श्रुतीला. मशीनसमोर उभी राहिले तेव्हा छत्री दिसली होती, तिसऱ्या नंबरवर. यांच्या पाठीच्या जखमाही आठवल्या होत्या, नाही असं नाही. पण मी शब्द दिला होता. शब्द देताना तो माणूस माझ्या पायाशी वाकलेला होता, आणि या वयात माझ्यासमोर कोण वाकतं? नंदा स्वयंपाकघर बघते, सुहास पैसे बघतो, मी काय बघते? मी पाच वर्षांतून एकदा उमेदवार बघते. म्हणून बटण दाबलं.

शुक्रवारी मी बालवाडीत गेले. पल्लवीकडून कबूल करून घ्यायचं, दोन शब्द सुनवायचे आणि मग सहीचं काय ते ठरवायचं, असं मनात होतं. पोरं ओरडत होती, एक पोरगी नाक वाहतं घेऊन माझ्या पदराला लटकली. पल्लवीनं मला खुर्ची दिली. तिला पत्राचं कळलेलं होतं. अशा गोष्टी या भागात पत्राच्या आधी पोचतात.

"काकू, तुम्ही सही करणार आहात का?" तिनं सरळच विचारलं.

"मी काय करणार ते मी बघेन. तू सिस्टरकडे चहा कशाला पीत होतीस? चुनावाच्या दिवसांत? अक्कल गहाण टाकली होतीस?"

"तुषारची नळी बदलायला सिस्टर येतात. त्या दोन्ही दिवशी प्रचारामुळे येऊ शकल्या नाहीत, म्हणून मी बोलवायला गेले. बस म्हणाल्या, बसले. चहा दिला, प्यायले."

"हे भय्यासाहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, नळी बदलायला चहा लागत नाही."

तेवढ्यात घंटा झाली. पोरं डबे उघडायला लागली, आणि पल्लवी मला "आलेच" म्हणून मधल्या दारानं धावत गेली. मी तिथे बसून राहिले. पलीकडून तुषारचा आवाज येत होता, शब्द नाहीत, नुसता आवाज, आणि तिचं "हो, हो, झालं, इकडे वळा." चार मिनिटं लागली असतील. परत आली तेव्हा पदरानं हात पुसत होती.

कोणाला मत दिलंस, हे विचारायला मी गेले होते. ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मी उठून घरी आले.

रविवारी नंदा मला घेऊन हॉलवर गेली. पाय हल्ली चढ असला की थांबतात. ती दाराशीच बसली. आत टेबलाभोवती भय्यासाहेब, श्रीनाथ मास्तर, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर नवीन निवडून आलेली पार्षद श्रुती, मांडीवर पर्स घेऊन. तिला का आणलं होतं कोण जाणे. समोसे आणले होते, ते थंड झाले होते.

"काकूंसाठी वेगळा कागद नको ना, मोठ्या अक्षरात?" भय्यासाहेब म्हणाले आणि पेन उघडून माझ्यापुढे धरलं. "इथे."

"मास्तर," मी श्रीनाथांना म्हटलं, "तुम्ही वाचून सही केलीत?"

"अं? हो. म्हणजे, भय्यासाहेबांनी सांगितलं..." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. शाळेत पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला शिकवलं त्यांनी.

"यात लिहिलंय, पल्लवीनं मंडळाविरुद्ध काम केलं. कुठलं काम?"

"काकू, झालंय ना आपलं बोलणं," भय्यासाहेब म्हणाले. "तिनं तुमचं पान फोडलं."

"पान तिनं नाही फोडलं. मी फोडलं."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी घरून काही ठरवून आले नव्हते. फार तर सही टाळायची, तब्येतीचं कारण सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. पण ते पेन माझ्या नाकासमोर धरलेलं होतं, आणि त्या पेनाचा मला फार कंटाळा आला.

"मी छत्रीला दिलं," मी म्हटलं. "आणि माझ्या बायकांना मीच सांगितलं, छत्रीला द्या. चोवीस घरांत जाऊन सांगितलं. पल्लवीला तर मी सांगायलाही गेले नाही, ती कुठे नवऱ्याला सोडून ऐकायला बसणार? तेव्हा गद्दार हवा असेल तर तो हा, तुमच्यासमोर बसलाय."

"खोटं," भय्यासाहेब म्हणाले.

"मशीनला विचारा."

ते लाल झाले. "तुम्ही मला शब्द दिला होता! मी तुमच्या पाया पडलो, काकू! सहा वेळा!"

"सातव्यांदा पडला असतात, निकालानंतर, तर कदाचित मी आज बोलले नसते."

श्रीनाथ मास्तरांना खोकला आला. तो खोकला नव्हता हे मला कळलं, भय्यासाहेबांनाही कळलं.

"आणि हे सगळं का?" त्यांनी विचारलं. आवाज आता खाली आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांची थोडी दया आली. वीस वर्षं तिकिटासाठी थांबलेला माणूस. जिंकूनही रडत बसलेला.

"आमचे हे साडेचार महिने झोपून होते," मी म्हटलं. "तेव्हा तुम्ही कुठे होता?"

श्रुती आपल्या नखांकडे बघत होती. मग ती म्हणाली, "बाबा, समोसे गार झाले." तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बारीक होता, पण स्पष्ट होता.

भय्यासाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मग तुम्हाला कमिटीत राहता येणार नाही."

"लिहून घ्या. सही कुठे करू सांगा, ती मी करते."

तेवढी एक सही केली. वेळ लागला. माझ्या जागी त्यांनी तिथल्या तिथे श्रुतीला घेतलं, आणि पल्लवीचं पत्र तिसऱ्या सहीसाठी तिच्याकडे गेलं. तिनं ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं. ते अजून तिथेच आहे म्हणतात. सासऱ्यानं विचारलं की ती म्हणते, वाचतेय.

घरी येताना नंदा मध्येच थांबली. "आई, तुम्ही खरंच छत्रीला दिलंत?"

"चल, ऊन लागतंय."

त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. चोवीस घरांत बातमी फिरली की जयूकाकूंनी भय्यासाहेबांना तोंडावर सांगितलं. भाजीच्या गाडीवर बायका मला जागा करून द्यायला लागल्या. "काकू, आम्ही पण छत्रीलाच," असं कानाशी येऊन सांगायला लागल्या, एकेक करून. मी आकडा ठेवायचं बंद केलं. साठ वेळा ऐकलं असेल, काही तर अशांकडून ज्यांचा बूथ आमचा नाही.

आणि मंगळवारी अहल्या सिस्टर आल्या. बोलावलं नव्हतं. ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन आल्या, माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला. "जास्त आहे," म्हणाल्या. "मीठ कमी करा." पट्टा सोडता सोडता म्हणाल्या, "मी हरणार हे मला ठाऊक होतं काकू. पण तुमचं मत मला होतं हे कळलं, आणि बरं वाटलं. शरदभाऊंची आठवण झाली."

मी म्हटलं, "चहा घ्या."

त्या चहा पिऊन गेल्या. त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही, आणि नंदानंही आग्रह केला नाही.

पल्लवी आली दुसऱ्या दिवशी, खाऊच्या सुट्टीत, धापा टाकत. मी गॅलरीत होते.

"काकू, मी आभार मानायला..."

"मानू नकोस. मानलेस तर लोक म्हणतील आपलं काहीतरी ठरलेलं होतं."

ती जायला निघाली. मग पायरीवरून परत वर आली, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, पण एक सांगू? पोटात राहत नाही. मी छत्रीला दिलंच नव्हतं. मी श्रुतीला दिलं. सिस्टर एवढं करतात आमचं, तरी. मला भीती वाटली. वाटलं, भय्यासाहेबांना कसंही करून कळेल."

मी तिच्याकडे बघितलं. कपाळावर घाम, केसांत बालवाडीच्या खडूची पूड.

"बस," मी म्हटलं.

"वेळ नाहीये काकू, पोरं..."

"दोन मिनिटं बस. मी पण श्रुतीलाच दिलं."

ती बसली. खालच्याच पायरीवर बसली, टेकून. समोरून एक ऑटो गेला, त्याच्या पाठीवर निवडणुकीचा कागद अजून चिकटलेला होता, अर्धा फाटलेला.

"म्हणजे तुमच्या पानावर त्यांची चारच राहिली म्हणतात ना," पल्लवी म्हणाली. "त्यात आपण दोघी?"

"आपण दोघी."

"आणि काढायला निघाले होते आपल्यालाच."

तिला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवून हसली. मला हसायला आलं नाही, दमले होते मी, पण बरं वाटलं की कोणाला तरी येतंय.

"आता सिस्टरना सांगायचं का?" तिनं विचारलं.

"काय सांगणार? त्या बाईला वाटतंय आपली दोन मतं तिची होती. त्यानं तिला बरं वाटतंय. ते काढून घेऊन आपण काय करणार आहोत?"

"पण हे असं गिळून राहायचं?"

"राहायचं. तुझ्यापेक्षा मला कमी दिवस राहायचंय, तुलाच जास्त. जा आता, तुषारला पाणी द्यायची वेळ झाली."

ती उठली, साडी झटकली आणि धावतच गेली.